नत्थूजींच्या मागाखालचं पाणी

१

अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींनी मागाच्या खोलीचं कुलूप काढलं, नेहमीप्रमाणे मागावर बसायला पाय खाली सोडले, आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले.

त्या खड्ड्यात पाणी असण्याचं काही कारण नव्हतं. महाल वस्तीतल्या त्या गल्लीत कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता. छप्पर कोरडं, नळ गल्लीच्या टोकाला. खड्डा होता तो विणकराला बसण्यापुरता. त्यात पाय सोडून नत्थूजी पावड्या दाबत, आणि वर जमिनीलगत ताणलेल्या धाग्यांतून धोटा इकडून तिकडे जाई. खड्ड्याच्या कडेला एक कोनाडा होता. तिथे गारवा असतो म्हणून काठाच्या लाल रेशमाच्या कांड्या ते त्यात ठेवत. त्या कांड्या आता पाण्यावर तरंगत होत्या, आणि रंग सुटून पाणी लाल झालं होतं.

मागावर अर्धं विणून झालेलं लुगडं होतं, ते त्यांच्या मुलीच्या, भागीरथेच्या लग्नाचं.

समोरच्या घरात दत्तोपंत चहा घेत होते. नत्थूजींची बायको रुख्माबाई दारात येऊन उभी राहिली.

"काकाजी, चला ना. बाप लेकाले घराबाहेर काढून राहिला."

दत्तोपंतांचं आयुष्य सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलं होतं. भांडण दिसलं की ते दुसऱ्या रस्त्याने जात. पण रुख्माबाईला नाही म्हणायलाही थोडा धीर लागला असता, आणि तेवढा त्यांच्यापाशी नव्हता. ते गेले.

खोलीच्या दारात नत्थूजी आणि त्यांचा मुलगा लहानू समोरासमोर उभे होते. भागीरथा भिंतीला टेकून खाली बसली होती, तिच्या मांडीवर ओल्या कांड्या होत्या.

"तुले मी रोज सांजच्याले खड्ड्यात एक लोटा पानी टाकाले सांगतो," नत्थूजी म्हणत होते. "एक लोटा. गारवा राहावा, सूत तुटू नये म्हनून. तू काल बादल्या ओतल्या."

"एकच लोटा टाकला," लहानू म्हणाला.

"मंग हे आभाळातून पडलं? खोलीच्या किल्ल्या दोन. एक माह्या कमरेले, एक तुह्यापाशी. परवा तूच बोलला ना, मी कोराडीले गेलो का हा माग जाळून टाका म्हनून? जाळाची हिंमत नाही झाली, म्हनून पानी ओतलं. बहिणीच्या लुगड्यावर."

कोराडीला वीजघर उभं राहत होतं, आणि लहानूला तिथे काम मिळालं होतं. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी धड बोलले नव्हते.

"तुमाले असंच वाटते ना," लहानू म्हणाला, "तर मंग असंच समजा."

"दिवे लागाच्या आत ट्रंक उचल. ह्या दारात परत पाय नको ठेवू. माह्यासाठी तू मेला."

रुख्माबाईने दत्तोपंतांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांना शब्द सुचेना, म्हणून ते नुसतेच आत जाऊन खड्ड्यापाशी वाकले.

शेणाने सारवलेली जमीन खड्ड्याच्या काठापर्यंत कोरडी होती. एक शिंतोडा नाही, ओल्या पायाची खूण नाही. वर ताणलेले धागे हाताला कडकडीत लागले. बादलीने पाणी ओतायचं तर ते या धाग्यांवरूनच ओतावं लागलं असतं.

पाणी वरून पडलं नव्हतं. ते खालून चढलं होतं.

दत्तोपंतांना तसं म्हणता आलं असतं, आणि लहानू तिथल्या तिथे सुटला असता. पण त्यांचे ओठ मिटलेच राहिले. या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे मधुसूदन वकिलांचं परस होतं, तिथे कालच उघड्यावर आंघोळीचा फवारा सुरू झाला होता, आणि त्या फवाऱ्याच्या सांडपाण्याचा आराखडा दत्तोपंतांनी स्वतः काढून दिला होता.

२

फवारा यमुताईंसाठी होता. यमुताई म्हणजे मधुसूदनाची आई, दत्तोपंतांच्या दिवंगत मित्राची पत्नी. गुडघ्यांमुळे त्यांना न्हाणीघरात पाटावर बसता येईना, बसल्या तर उठता येईना. एकदा पडल्याही. तेव्हा परसात टाकी बसवून तिच्याखाली फवारा लावायचा, भोवती तट्ट्यांचा आडोसा करायचा आणि उभ्यानं आंघोळ करायची असं ठरलं. पाणी आणणं सोपं होतं. ते न्यायचं कुठे, हे मधुसूदनाला सुचेना, म्हणून त्याने दत्तोपंतांना बोलावलं.

आयुष्यभर पूल आणि धर्मशाळा यांचे नकाशे काढलेल्या माणसाने या एवढ्याशा नालीवर आठवडाभर जीव लावला होता. पूर्वेच्या बाजूने, घराला वळसा घालून, समोरच्या अंगणातून गल्लीतल्या गटारापर्यंत, उतार एकसारखा.

आणि आराखडा दिला त्या दिवशी परसात उभं राहून त्यांनी एक गोष्ट बजावली होती. ऐकायला मधुसूदन होता आणि गवंडी गिरिधर. पश्चिमेच्या भिंतीपाशी काठीने जमिनीवर फुली मारून ते म्हणाले होते, "इकडे मात्र पाणी येऊ द्यायचं नाही. काळी माती आहे ही. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे खड्डा करून पाणी सोडलंत तर वाटेल की छान मुरतंय. मुरणार नाही. भेगांमधून सरळ नत्थूजींच्या मागाखाली जाईल."

नालीचं काम सुरू झाल्यावर मधुसूदन म्हणाला होता, "काका, या उन्हात तुम्ही कशाला येता? आराखडा दिलात, पुष्कळ झालं." आणि दत्तोपंत गेले नव्हते. कुणी येऊ नका म्हटलं की त्यांना बरंच वाटे.

आता ते परसात गेले तेव्हा मधुसूदन कोर्टाच्या कपड्यांत उभा होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "फार वाईट झालं. तुम्हाला नालीची शंका आली असेल ना? या, स्वतःच पाहा."

त्याने बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी उताराने जाळीत शिरलं आणि पूर्वेकडे वळून झाकणाच्या फरश्यांखाली खळखळत निघून गेलं.

"तुमचाच उतार, काका. थेंब राहत नाही."

दत्तोपंतांच्या छातीवरचा दगड उतरला. पश्चिमेच्या भिंतीपाशी मोगऱ्याच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या, एका नव्या कोऱ्या फरशीवर. मोगरा सुकला होता.

"पोरगाच असणार," मधुसूदन घड्याळाकडे पाहत म्हणाला. "तो चाललाच आहे. खरं सांगू? नत्थूजींनीही त्याच्याबरोबर जावं आता. या वयात त्या खड्ड्यात किती दिवस बसायचं?"

नत्थूजी मधुसूदनाच्याच घराण्याचे भाडेकरू होते. खोलीचं दार बाजूच्या गल्लीत उघडत होतं, पक्षकारांना यायला सोयीचं. वकिलाला ऑफिससाठी जागा हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि जुना भाडेकरू कायद्याने हलवता येत नाही, हे वकिलाला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

दत्तोपंत समोरच्या अंगणातून, तुळशीवृंदावनाच्या बाजूने बाहेर पडले. नालीचं तोंड जिथे गटारात उघडत होतं, तिथे ते सवयीने वाकले. ऊन आत्ताच भाजायला लागलं होतं. गल्लीतला तांबडा कुत्रा दूर नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडला होता. महालातला कुत्रा मे महिन्यात ओलाव्याला सोडत नाही, दोन घरांमागून हुडकून काढतो. इथे मात्र तो फिरकलाही नव्हता.

नालीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. अखंड, आणि त्यावर धूळ.

काल दिवसभर यमुताईंच्या लेकीची पोरं त्या फवाऱ्याखाली नाचली होती. त्यातला एक थेंबही इथून बाहेर पडला नव्हता.

३

दत्तोपंतांना राग येई तो असा उशिरा येई, आणि आधी स्वतःवरच येई. पाणी जातं एकीकडून आणि निघत नाही दुसरीकडून, एवढं पाहायला ते एकदाही आले नव्हते.

नत्थूजींच्या खोलीत शेजारच्या बायका पाणी उपसत होत्या. उपसून झालं, तळ दिसला. लहानू बाहेर ट्रंकेवर बसला होता.

"तू तसं केलं नाहीस, हे मला कळलंय," दत्तोपंत हळूच म्हणाले.

"मंग सांगा ना आत जाऊन."

"पुरावा नाही अजून."

"माह्या बापाले पुरावा नाही लागला, काकाजी. त्याले मी पुरला."

"तू नीट बोलला असतास तर..."

"काय बोलू? पानी टाकलं नाही म्हनून पाया पडू?" लहानूचा आवाज फुटला. "सातवीपासून त्या खड्ड्यात बसलो मी. भागीच्या लुगड्याचा अर्धा काठ माह्या हातचा आहे. अन् तो म्हनते मी बुडवला. त्याले तसं वाटलं, इथंच झालं ना सगळं. आता तुमी खरं काढलं तरी काय?"

दत्तोपंत आत गेले आणि नत्थूजींसमोर उभे राहिले. आवाज कापत होता.

"दोन्ही किल्ल्या मला द्या."

"काहून?"

"खड्डा आता रिकामा आहे. खोलीला कुलूप घालू. किल्ल्या माझ्याजवळ राहतील. लहानू इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर, ट्रंकेवर बसून राहील. दिवे लागले की उघडू. तुम्हीच मुदत दिली आहे, तेवढीच मागतो."

नत्थूजींनी कमरेच्या किल्लीवर हात ठेवला.

"दत्तोपंतजी, तुमी वकीलसाहेबाच्या घरचे आहात."

"हो," दत्तोपंत म्हणाले. "म्हणूनच मागतोय."

कमरेची किल्ली त्यांच्या हातावर पडली. लहानूने आपली किल्ली न बघताच फेकली.

४

गवंडी गिरिधर धरमपेठेत एका बंगल्याच्या गच्चीवर काम करत होता. दत्तोपंत भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून, रिक्षाने तिथे गेले. गिरिधर निंबाच्या सावलीत भाकर खात होता.

"वकिलांच्या परसातली नाली कुठे नेलीस?"

"तुमी काढली तिथंच नेली होती ना, साहेब. पार गटारापर्यंत. मंग बंद कराले लावली."

"कुणी?"

"आईले चालत नाही म्हने. तुळशीजवळून घान पानी जाते, पाप लागते. वकीलसाहेब बोलले, आई आयकत नाही, वरून फरशा राहू दे, आतून अर्ध्यावर बुजव. अन् पानी मागं वळवून भिंतीकडं घे. जाळीपासचा तुकडा तसाच राहू देला, बुजवल्या जागेपासून खालून उलट्या उतारानं मागं आणलं, खड्डा केला, वरतून फरशी. पक्कं काम आहे. तीन बाजू विटा लावून सिमेट, बूडही सिमेटचं. काही खचनार नाही."

दत्तोपंत तुळशीपाशीच अडकून पडले होते. खड्ड्याच्या विटा त्यांच्या कानांवरून गेल्या.

तुळस. एवढ्यासाठी. सांडपाणी तुळशीजवळून जाऊ नये म्हणून ते विणकराच्या पायाखाली सोडलं. चाळीस वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्या यमुवहिनींचा त्यांना इतका संताप आला की क्षणभर निंबाचं झाड फिरल्यासारखं वाटलं.

"मी त्या दिवशी फुली मारून सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस."

"आयकलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

गिरिधरने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "कोनाले विचारू? तुमी तरी कुठं आलते पाहाले?"

५

ऊन कलल्यावर यमुताईंची संध्याकाळची आंघोळ असे. दत्तोपंत ओसरीवर बसून राहिले. तट्ट्यांपलीकडे पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि त्या आवाजाबरोबर त्यांचा राग वाढत होता. खिशात दोन किल्ल्या होत्या.

यमुताई काठी टेकत, ओले केस पदराने पुसत बाहेर आल्या. चेहरा प्रसन्न होता.

"भावजी, तुमचे किती उपकार मानू? आज किती वर्षांनी मनासारखी आंघोळ होते आहे."

"वहिनी," दत्तोपंत म्हणाले, "तुम्ही नाली वळवायला का सांगितलंत?"

"तुळशीसाठी. मी मधूला म्हटलं, तेवढं तुळशीवरून नको नेऊ रे. चुकलं का काही?"

"चुकलं का? त्या पाण्यानं नत्थूजींचा माग बुडाला. भागीरथेच्या लुगड्याचं रेशीम गेलं. पोरगा घराबाहेर जातोय."

यमुताई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "माझ्या पाण्यानं? ते कसं होईल? पाणी तर पेरूला जातं."

"कोणत्या पेरूला?"

"मी मधूला पेरूच सांगितला. पूर्वेच्या कोपऱ्यातला. म्हटलं, एवढं पाणी वाया कशाला घालवायचं, झाडाला सोड. नत्थूजींची भिंत कुठे, पेरू कुठे. दोन टोकं आहेत."

दत्तोपंत उठून परसाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. पेरूची पानं कडेने वळून तपकिरी झाली होती. बुंध्याशी जमिनीला भेगा पडल्या होत्या, त्यांत काठी सहज शिरली. इथे कधीच पाणी आलं नव्हतं.

आईने पूर्व सांगितली. गवंड्याला पश्चिम पोचली. मधे एकच माणूस होता.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यात गिरिधरचं ते दुपारचं बोलणं परत आलं, यावेळी पूर्ण. तीन बाजू विटा लावून सिमेट, बूडही सिमेटचं. ते जागीच उभे राहिले. पाणी मुरवायच्या खड्ड्याला कुणी बूड बांधतं का?

मग ते किल्ल्या काढत, कधी चालले नव्हते इतक्या झपाट्याने गल्लीत गेले.

६

दिवेलागण झाली होती. लहानू ट्रंकेवर होता तसाच बसला होता. दत्तोपंतांनी स्वतः कुलूप काढलं आणि कंदील खड्ड्यावर धरला.

खड्ड्यात घोटाभर पाणी होतं. मागच्या भिंतीकडच्या बाजूला मातीत एक भेग होती, आणि तिच्यातून अजून झिरपत होतं. पाण्यावर साबणाचा फेस होता.

नत्थूजी खाली उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं आणि लहानूकडे न पाहता विचारलं, "कोनाचं पानी हाये हे?"

"माझ्याबरोबर चला," दत्तोपंत म्हणाले. "लहानू, तूही. पहार घे."

मधुसूदन नुकताच कोर्टातून आला होता. परसात एवढी माणसं पाहून तो पुढे झाला.

"काका, हे काय?"

दत्तोपंतांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी मोगऱ्याची पहिली कुंडी उचलून बाजूला ठेवली. दुसरी जड होती, ती ढकलली. लहानूने फरशीखाली पहार घातली आणि फरशी उलटली. आंघोळीचं पाणी खाली चमकत होतं.

"असेल खड्डा," मधुसूदन म्हणाला. "माझ्या जागेत आहे. आईला तुळशीजवळ नाली नको होती. गवंड्याला पेरू सांगितला असेल, त्याने भिंत ऐकली. अडाणी माणसं. आणि खड्डा केल्यावर मी स्वतः दोन बादल्या पाणी टाकून पाहिलं होतं. सकाळी कोरडा. मुरतंय म्हणून सोडून दिलं. ते पुढे कुठे जातं, हे मला कसं कळणार?"

तो कोर्टात बोलावं तसं बोलत होता, एकेक वाक्य जागेवर ठेवत. काल असतं तर दत्तोपंत एवढ्यावर माफी मागून परतले असते.

"लहानू," ते म्हणाले, "पहारीने तळ ठोक."

खण्ण आवाज आला.

"ही बाजू."

पुन्हा तोच आवाज. तिसरी बाजूही तशीच. चौथ्या बाजूला, भिंतीकडे, पहार ठोकली तशी मऊ मातीत अर्धी आत गेली.

"मधू," दत्तोपंत म्हणाले, "घराचा पाया ओला होऊ नये म्हणून एक बाजू बांधलीस, समजू शकतो. पण बाकीच्या दोन कशाला? आणि पाणी मुरवायचं होतं तर तळाला सिमेंट कशाला घातलंस? गवंड्याने चुकून जागा बदलली म्हणतोस. चुकून तीन बाजू आणि बूड बांधलं जातं, आणि नेमकी नत्थूजींकडची तेवढी मोकळी राहते?"

मधुसूदनाने उलटलेल्या फरशीकडे पाहिलं.

"इकडे पाणी सोडलं तर कुठे जाईल, हे तुला कसं कळणार, म्हणतोस. तुला मी सांगितलं होतं. या जागी उभा राहून. काठीने फुली मारली होती मी, इथे खणू नको म्हणून." त्यांचा आवाज आता कापत नव्हता, आणि त्यांना स्वतःलाच तो परका वाटत होता. "बापाच्या मित्राला आराखडा मागितलास. मी दोन गोष्टी सांगितल्या, काय करायचं आणि काय करायचं नाही. तू दुसरी बांधलीस. कायद्याने जे जमलं नाही ते पाण्याने करायला निघालास. माग बुडाला की म्हातारा पोराच्या मागे कोराडीला जाईल. आणि पोरावर आळ आला, तेव्हा सकाळी इथे उभं राहून मला म्हणालास, पोरगाच असणार."

"तुमच्याकडे सिद्ध करायला..." मधुसूदनाने सुरुवात केली.

"काय सिद्ध करायचंय?" मागून यमुताई म्हणाल्या. त्या दारात काठी धरून उभ्या होत्या. "माझ्या अंगावरचं पाणी आहे ते. काल माझी नातवंडं हसत होती त्याच्याखाली, आणि मी खुर्ची टाकून पाहत होते. तू माझ्या हातानं त्या पोरीच्या लुगड्यावर पाणी ओतलंस."

"आई, आत चल."

"घर माझ्या नावावर आहे. मी आहे तोवर ती खोली नत्थूजींची. माझ्यामागे कुणाची, ते कागद करायला उद्या दुसरा वकील बोलाव, तू नको. आणि नाली पहिल्यासारखी होईपर्यंत मी न्हाणीघरात बसेन. पडले तर पडले. उचलायला तू येऊ नको."

नत्थूजी सगळा वेळ खड्ड्याकडे पाहत होते. आता ते वळले आणि मधुसूदनाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. लहानूने पहार घट्ट धरली. पण नत्थूजींनी हात उचलला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "तुमी मले म्हनले असते ना, जागा पाहिजे, तर मी नाही म्हनलो असतो. भांडलो असतो. ते चाललं असतं. पन तुमी माह्या तोंडून माह्या पोराले मेला म्हनवलं."

७

दुसऱ्या दिवशी गिरिधर आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने खड्डा बुजवला, आणि नाली आराखड्याप्रमाणे मोकळी केली. दत्तोपंत काम संपेपर्यंत छत्री घेऊन बाजूला उभे राहिले आणि प्रत्येक फरशीखाली वाकून पाहत राहिले. यमुताईंनी वृंदावन स्वतःसमोर चार हात सरकवून घेतलं. तुळशीला राग येत असेल तर माझ्यावर येऊ दे, म्हणाल्या. संध्याकाळी नालीच्या तोंडाशी पाणी आलं, आणि थोड्या वेळाने तांबडा कुत्रा तिथे येऊन पोट टेकून पडला.

मधुसूदन दत्तोपंतांना रस्त्यात दिसला की अजून "काका" म्हणे. दत्तोपंत उत्तर देत नसत. हे त्यांना सुरुवातीला फार जड गेलं, मग सवयीचं झालं.

नत्थूजींनी लहानूची माफी मागितली नाही. त्यांना ते येतच नव्हतं. सकाळी मागावर बसताना ते नुसतं म्हणाले, "तिकडून धर गा, ताणा ढिला झाला."

लहानूने धरला. "धरतो. पन सोमवारी मी कोराडीले जाऊन राहिलो. तुमी काढलं म्हनून नाही. मले जायचं आहे म्हनून."

"जा ना. पहिले काठ पुरा कर."

काठाला रेशीम मात्र तेच होतं. धुऊन, सुकवून पुन्हा कांड्यांवर भरलेलं. लालाचा नुसता फिकट गुलाबी उरला होता. यमुताईंनी नवं रेशीम पाठवलं, ते भागीरथेने परत केलं. "ह्याच रेशमाचं करा," ती म्हणाली, आणि तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

लग्नात ते लुगडं नेसून ती उभी राहिली तेव्हा काठ अर्ध्यापर्यंत गडद लाल होता आणि पुढे एकदम उडालेला. जिथे पाणी चढलं ती जागा बोट ठेवून दाखवता आली असती. मधुसूदन पहिल्या ओळीत बसला होता. यमुताईंनी त्याला आणलं होतं, आणि उठू दिलं नव्हतं.

नवऱ्याकडच्या एका बाईने काठ हातात घेतला. "असा काहून वं हा? अर्ध्यातच रंग गेला."

रुख्माबाई हळदीचं ताट घेऊन चालली होती. ती थांबली.

"ते आमाले नाही सांगता येत, बाई," ती पहिल्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिथं वकीलसाहेब बसले आहेत ना, त्याईले विचारा."

आणि ती बाई खरंच विचारायला गेली.